सी ब्लॉकचा कौल

॥ श्री ॥

जबल अली
१३ मार्च १९९८

ती. सौ. आशाताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. उर्मिलाला वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात नेहमीची खुशाली आहे. हे पत्र मात्र फक्त तुला. तिच्या हाती देऊ नकोस, उगाच घोर लावून घेईल.

गेल्या शुक्रवारी, सहा तारखेला, आमची मेस बंद झाली. नऊ वर्षं मी तुला मेस-मेस लिहितोय, पण ती काय चीज आहे हे कधी नीट सांगितलं नाही. कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या आमच्या सी ब्लॉकमध्ये ऐंशी माणसं. बरीचशी रत्नागिरी-रायगडची, थोडी पाटणकडची. सगळ्यांनी मिळून एक किचन चालवायचं, आपलाच माणूस स्वयंपाकाला ठेवायचा, बाजार आपण करायचा आणि भांडी पाळीपाळीने घासायची, ती मेस. गावातल्या हमीदाचे यजमान लतीफभाई यांनी ती सुरू केली आणि मी नऊ वर्षं तिचा सेक्रेटरी. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पहाटे पिकअप घेऊन देऱ्याच्या मासळीबाजारात जाणं हे माझं काम. आमचा स्वयंपाकी दगडू पाटणचा. आला तेव्हा मासा कुठल्या बाजूने धरायचा हेही त्याला ठाऊक नव्हतं. आता त्याच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाताना लतीफभाई बोलत नाहीत, नुसते जेवतात.

तर आमच्याकडे नवा कॅम्प बॉस आलाय. हैदराबादचा आहे, माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं झटपट लागतं. त्याने सांगितलं की कंपनी केटरिंगवाला आणतेय, किचन एकच आहे, तेव्हा अर्धे इकडे अर्धे तिकडे असं चालायचं नाही. सगळ्या ब्लॉकने मिळून एक काय ते ठरवा, सहा महिने चालवून बघा, मग हवं तर पुन्हा ठरवा, खलास.

मत घ्यायचं कसं यावरच दोन दिवस गेले. चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर निम्मे म्हणाले, चिठ्ठ्या सेक्रेटरी मोजणार, मग कसला भरवसा. माझ्यावर संशय, ताई! शेवटी लतीफभाईंनी तोडगा काढला. अंगणात दोन रांगा करायच्या. मेस हवी त्यांनी किचनच्या दाराशी उभं राहायचं, केटरिंग हवं त्यांनी वॉटर कूलरपाशी. लतीफभाईंनी बोटाने डोकी मोजली, दोनदा मोजली. केटरिंग एकेचाळीस, मेस एकोणचाळीस.

आणि कूलरच्या रांगेत तिसरा कोण उभा होता सांगू? आपला धाकटा, सुदेश. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. मी त्याचा व्हिसा काढला, मी त्याला विमानतळावर आणायला गेलो, आणि त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्याची खोली माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि बोलायची इच्छाही नाही.

बाकी ठीक. तुझी माया आहे तशीच असू दे, निदान तू तरी किचनच्या दाराशी आहेस असं मी धरून चालतो.

तुझा,
धनंजय


॥ श्री ॥

जबल अली
१७ मार्च १९९८

ती. सौ. आशाताईस,
सुदेशचा सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलंच असेल. न वाचता सांगतो त्यात काय आहे ते. मी दगाबाज, मी कृतघ्न, मी तिसरा उभा होतो. चूक आहे. मी दुसरा होतो, माझ्यापुढचा माणूस फार उंच आहे म्हणून त्याला दोघे वाटले असतील.

तो माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं असलं तर दगडूकरवी निरोप पाठवतो. परवा दगडू मला सांगायला आला की दादा म्हणतायत, सेफ्टी शूजची लेस बांध. तेव्हा दादा तिथेच माझ्या शेजारी उभा होता. मीही दगडूला सांगितलं की दादाला कळव, बांधतो. दगडूने कळवलं. त्या बिचाऱ्याला केटरिंगवाल्याने ठेवून घेतलंय, पण फक्त कांदा कापायला. दिवसभर कापतो आणि दुसऱ्याच्या टोपात डोकावून परत येतो. त्याच्याकडे बघून मलाही बरं वाटत नाही, हे कबूल करतो.

जेवण म्हणशील तर पहिला आठवडा फर्स्ट क्लास. परोठे, शुक्रवारी चिकन बिर्याणी, वर पापड. भांडी घासायची पाळी नाही. सुट्टीच्या दिवशी सगळा ब्लॉक नऊपर्यंत पडून असतो.

मी तिकडे का उभा राहिलो हे मात्र विचारू नकोस. माझी कारणं माझ्यापाशी. उद्या पुन्हा रांगा लावल्या तर मी तिथेच उभा राहीन, एवढं लिहून ठेव.

आंबोशीचं लोणचं कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. माझ्यावर रुसायचंच असेल तर थोडं रूस, सगळं नको.

तुझा,
सुदेश


॥ श्री ॥

गुहागर
४ एप्रिल १९९८

चि. धनंजय यास,
आशाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडवा झाला. उर्मिलाने गुढी चांगली सजवली होती, आईने बसल्या जागेवरूनच तुम्हा दोघांच्या नावाने अक्षता टाकल्या. मुलं मजेत आहेत. माझ्या शाळेत परीक्षा चालू आहेत, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुझं पत्र वाचलं, सुदेशचंही वाचलं. परवा हमीदा आली होती, तिने लतीफभाईंचं पत्र दाखवलं. पाच पानं मेस, आणि शेवटी अर्ध्या ओळीत तिची दुखरी दाढ. ती म्हणते की त्यांनी निकाह कबूल करताना एवढा विचार केला नव्हता. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. पण ती गेल्यावर मला हसू येईना.

आई रोज मला एकच विचारते, दोघं एकत्र जेवतात ना. मी हो म्हणते. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या दिल्या आणि आता तुमच्यापायी मी रोज एक खोटं बोलते आहे. डिसेंबरात दोघांची रजा आहे. सुदेशसाठी मुली बघायच्या आहेत. मुलीच्या दारात एक भाऊ पूर्वेला तोंड करून बसणार आणि दुसरा पश्चिमेला, असं करणार आहात का? आई ते बघेल तर काय होईल तिचं? मला त्याचीच भीती वाटते, धनंजय. मेस राहो नाहीतर जावो, माझे दोन भाऊ तिकडे वाळवंटात एकमेकांना पारखे झाले तर मी आईला तोंड कसं दाखवू?

आता एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. तुला ती मेस एवढी का हवी होती? मासळीसाठी, असं म्हणू नकोस. लहानपणी काटे काढायचा कंटाळा म्हणून तू तुझा तुकडा माझ्या ताटात सरकवायचास, ते मी विसरलेले नाही. सुदेशलाही मी हेच विचारलं आहे. दोघांनी वेगवेगळं लिहा, मला फसवू नका.

तब्येत सांभाळ. माझा आशीर्वाद तर आहेच, तुझं मन जरा मोकळं राहू दे.

तुझी,
आशाताई


॥ श्री ॥

जबल अली
८ मे १९९८

ती. सौ. आशाताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

इथे उन्हाळा लागला. यार्डात लोखंडाला हात लावायची सोय राहिलेली नाही, चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम, असलो तरी हातमोजे काढता येत नाहीत.

जेवणाचं म्हणशील तर मी म्हटलं होतं तसंच झालं. डाळीत डाळ शोधावी लागते. लाल रस्सा रोज तोच, फक्त नाव बदलतं. सोमवारी तो कुर्मा असतो आणि मंगळवारी कोल्हापुरी. पण गंमत सांगतो. कूलरच्या रांगेतले लोक तो रस्सा मोठमोठ्याने वाखाणत जेवतात. एकाने करपलेली चपाती खाल्ली आणि आमच्याकडे बघत बघत दुसरी मागून घेतली. आमचे एकोणचाळीसही काही कमी नाहीत. आम्ही खबूस म्हणजे इथली विकतची रोटी, टोमॅटो आणि लोणच्यावर आहोत. एका शुक्रवारी बिर्याणी खरोखर चांगली झाली होती, ताई. वास येत होता. मी खोलीचं दार लावून घेतलं.

कॅम्प बॉसला हे सगळं बघून कीव आली. तो म्हणाला की तुमची इच्छा असेल तर सहा महिने थांबायला नको, पुन्हा रांगा लावा. लतीफभाईंनी आधी खोलीखोलीतून चाचपून पाहिलं. मला वाटलं, एवढं वाईट खाऊन दहा तरी इकडे येतील. एक आला नाही. आमच्यातलाही एक गेला नाही. एकेचाळीस आणि एकोणचाळीस, जसेच्या तसे. मग बॉसला सांगितलं, सप्टेंबरपर्यंत थांबू.

तू विचारलंस ते आता लिहितो. पण सुदेशला कळता कामा नये, तुला माझी शपथ.

चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याला आधी फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर पाठवला होता. तिथे आपलं माणूस कुणी नाही. चार महिने हॉटेलात खाल्लं आणि कावीळ झाली. घरी आम्ही कळवलं होतं की पोट बिघडलंय. ताई, ते पोट बिघडणं नव्हतं. मी हॉस्पिटलात गेलो तर चादरीखाली माणूस आहे की नाही ते कळेना. डोळे हळदीसारखे. मला बघून म्हणाला की दादा, आईला सांगू नकोस, आणि रडायला लागला. मी कंपनीच्या पाया पडून त्याला इथे बदलून आणला. दगडूने त्याला चार महिने मऊ भात आणि बिनतिखटाचं सार करून घातलं, वेगळ्या टोपात. ज्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत किचनपर्यंत आला आणि दुसऱ्यांदा भात मागितला, त्या दिवशी मी ठरवलं की हा इथे आहे तोवर ही चूल विझू द्यायची नाही. मला मासळीशी काय करायचंय!

आता तो रोज तो तेलाचा तवंग खातो आणि हसतो. मी लांबून त्याच्या डोळ्यांकडे बघत असतो, पिवळे दिसतात का म्हणून. म्हणून सांगतो, केटरिंगवाल्याने चांदीच्या ताटात वाढलं तरी मी किचनच्या दाराशीच उभा राहणार.

आईला नमस्कार सांग. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
धनंजय


॥ श्री ॥

जबल अली
१४ जून १९९८

ती. सौ. आशाताईस,
सुदेशचा सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. अर्धं मी दगडूकरवी दादाकडे पाठवलं. त्याने विचारायला सांगितलं की कुणी पाठवलंय. मी सांगायला सांगितलं की ताईने. मग घेतलं.

तू दोनदा विचारलंस म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, जेवण बकवास आहे. हे दादाला कळलं तर मी तुझ्याशी कायमचा अबोला धरेन. पण ताई, जेवण वाईट निघालं म्हणून माझं मत चुकलं असं मला वाटत नाही, कारण मी जेवणासाठी तिथे उभा राहिलोच नव्हतो.

गेल्या ऑक्टोबरात दादा मासळीबाजारात बर्फाची पेटी उचलायला वाकला आणि तसाच राहिला. सरळ होईना. लतीफभाई आणि मी त्याला पिकअपच्या मागे आडवा घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरने फोटो काढला, मणक्याचं काहीतरी सांगितलं, आणि बजावलं की वजन उचलायचं नाही, पुन्हा असं झालं तर यार्डातलं काम विसरा. शर्टाखालून बांधायला पट्टा दिला. दादाने मला शपथ घातली की घरी कळवायचं नाही, वहिनीला कळलं तर दुसऱ्या दिवशी परत बोलावेल. मी गप्प बसलो. पुढच्याच शुक्रवारी चारला उठून बघतो तर पिकअप गेलेली. म्हटलं, दादा, पाळी लावू, मी जातो. तर म्हणाला की तुला ताजा मासा कळत नाही. तीनदा मी त्याच्याआधी उठायचा प्रयत्न केला, तीनदा तो माझ्याआधी उठला. त्याला मेस सोड म्हणून सांगणारा कुणी माईचा लाल या ब्लॉकमध्ये नाही. मग मला एवढंच दिसलं की मेस बंद पडली तर हा थांबेल. त्याला आधी विचारलं असतं तर त्याने मला हात धरून आपल्या रांगेत नेलं असतं आणि मी गेलोही असतो. म्हणून नाही विचारलं.

हल्ली त्याचा पट्टा दोरीवर वाळत असतो, कमरेला नसतो. तो पट्टा बघितला की मी ती डाळ बिनतक्रार पितो.

आणि माझं एकट्याचं नाही हे. आमच्या रांगेतल्या लोकांशी मी हळूहळू बोललो. एकाची भांडी घासायची पाळी नेमकी शुक्रवारी यायची आणि मुलीला फोन करायचा राहून जायचा. तो म्हणतो, डाळ पाण्यासारखी असली तरी पोरीचा आवाज ऐकू येतो. एकाला मेसच्या मीटिंगमध्ये तीन वर्षांपूर्वी कुणी काही लागेल असं बोललं होतं. ते त्याने अजून गिळलेलं नाही. लतीफभाईंच्या बाजूलाही असंच असणार. चवीचं नाव कुणी घेत नाही, आणि भांडतात मात्र सगळे चवीवरून. मग डाळ पातळ झाली म्हणून माणूस कशाला हलेल?

माझं पोट अधूनमधून कुरकुरतं, पण ठीक आहे. हे पत्र फाडून टाक, तुला माझी शपथ. आणि धाकट्यावर मोठ्यांचा असतो तो सगळा हक्क चालव, पण कान लांबून पीळ.

तुझा,
सुदेश


॥ श्री ॥

गुहागर
३० जून १९९८

चि. धनंजय व चि. सुदेश यांस,
आशाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द, आणि दोन पाकिटांत घातलं आहे. तुम्ही दोघांनी मला शपथा घातल्या होत्या. दोन्ही मोडते आहे. धनंजय, तुझ्या पाकिटात सुदेशचं जून महिन्याचं पत्र आहे. सुदेश, तुझ्या पाकिटात धनंजयचं मे महिन्याचं आहे. फाडायला सांगितलेलं मी फाडलं नाही.

काल शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. आधी रडले. मग इतका राग आला की तुम्ही समोर असता तर दोघांना बाकावर उभं केलं असतं. एकाला कावीळ होते, एकाचा मणका जातो, आणि इथे मी आईला सांगत असते की पोरं मजेत आहेत! मग शिपाई दार लावायला आला तेव्हा मी एकटीच हसत होते. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

मी तुम्हाला लिहिणार होते की कुणीतरी एकाने माघार घ्या, धाकट्याने मोठ्याचं ऐकावं. आता ते नाही लिहीत. तुम्ही जिथे उभे राहिलात तिथे कुणाला तरी जपायला उभे राहिलात, तिथून तुम्हाला ओढायची माझी छाती नाही. पण ज्याला जपायचं त्यालाच सांगायचं नाही, ही कुठली रीत? हा आपल्या घराचा वसा आहे, अण्णांपासून चालत आलेला. अण्णाही छातीत दुखतं हे आईला शेवटपर्यंत बोलले नव्हते. मला तो वसा नको आहे.

सप्टेंबरात कुठे उभं राहायचं ते मी सांगणार नाही. दोघांनी एकमेकांशी बोलावं एवढं मात्र मी मागते आहे, आणि मी मागितलेलं तुम्ही आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.

रागावून लिहिलं तरी जीव तुमच्यातच आहे, तो तिकडे नीट सांभाळा.

तुमची,
आशाताई


॥ श्री ॥

फुजैरा
२५ जुलै १९९८

ती. सौ. आशाताईस,
धनंजयचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट हातात पडलं त्याच दिवशी यार्डातल्या बारा जणांना, सी ब्लॉकमधून मला एकट्यालाच, इकडे टर्मिनलच्या दुरुस्तीवर पाठवलं. दीड महिन्याचं काम आहे. सुदेशचं पत्र मी बसमध्ये वाचलं. डोंगर संपेपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो.

काल त्या हॉस्पिटलवरून गेलो. आत गेलो नाही.

त्याला लिहायला दोनदा बसलो. मायना लिहून झाला की पुढे काही सुचत नाही. एवढ्या महिन्यांचं कुठून सुरू करायचं? पण मी काय करायचं ते ठरवलं आहे. चार सप्टेंबरला आमची बस परत जाते.

जास्त लिहीत नाही. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
धनंजय


॥ श्री ॥

जबल अली
१२ सप्टेंबर १९९८

ती. सौ. आशाताईस,
सुदेशचा सा. न. वि. वि.

हे पत्र निवांत बसून वाच. आईलाही वाचून दाखव, यात लपवण्यासारखं काही नाही. वहिनीला मणक्याचं दादाने स्वतः वेगळ्या पत्रात लिहिलं आहे, तेव्हा तिकडून बोलणी येतील ती त्याची तो खाईल.

मागच्या आठवड्यात, शुक्रवारी चार तारखेला, पुन्हा रांगा लागल्या. ऐंशीतले तेरा जण गणपतीला गावी गेलेले. आठ आमचे, पाच त्यांचे. जाताना सगळ्यांनी आपापलं मत कागदावर लिहून लतीफभाईंकडे दिलं होतं. लतीफभाईंनी ते सगळे कागद परत केले आणि सांगितलं की इथे मत पायांनी द्यायचं असतं, हबीबी, कागदाने नाही. स्वतःच्या बाजूचे पाच कागदही परत केले, हे विशेष.

मोजलं तर कूलरपाशी तेहतीस आणि किचनपाशी तेहतीस. सहा महिन्यांत एक माणूस हललेला नाही. कॅम्प बॉस कपाळाला हात लावून हसत होता. सदुसष्टावा माणूस फुजैराहून बसमध्ये होता, आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मेसवाल्यांनी तर आधीच टाळ्या सुरू केल्या.

अकराच्या सुमाराला बस आली. दादा उतरला. खांद्याला बॅग, चेहरा काळवंडलेला. त्याच्या लोकांनी हाका मारल्या. तो तिकडे गेला नाही, ताई. सरळ चालत कूलरपाशी आला आणि माझ्या पाठीमागे उभा राहिला. लतीफभाईंचं बोट हवेत होतं ते तसंच राहिलं. दगडू कांदा घेऊन दारात आला होता, तो खालीच बसला. माझ्या रांगेतले लोक आनंदाने ओरडायला लागले.

तुझं पाकीट आल्यापासून त्याला काय म्हणायचं याची मी दीड महिना तयारी करत होतो. त्यातलं काही आठवलं नाही. मी वळलो आणि त्याला म्हटलं की दादा, ही तुझी जागा नाही. तो म्हणाला की तुझं पत्र वाचलं, आता मी इथेच उभा राहणार. मी म्हटलं की मीही तुझं वाचलंय, आणि तू तिथे उभा होतास म्हणून मी आज कुठेतरी उभा आहे. तो म्हणाला की मी तिकडे गेलो तर तुझी रांग एकाने हरेल. मी म्हटलं, हरू दे. मला जिंकायचं आहेच, पण तुला तुझ्या जागेवरून उठवून नाही जिंकायचं. माझं मत बदललेलं नाही, मी इथून हलणार नाही, आणि तूही माझ्यापायी हलू नकोस. त्यावर तो मान खाली घालून तिथेच रोवून उभा. तुला माहीत आहे तो कसा आहे. मग मी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली, सगळं अंगण ओलांडून किचनच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि परत येऊन माझ्या जागेवर उभा राहिलो. बॅगेत पासपोर्टची कॉपी, पगाराची पाकिटं, सगळं होतं. त्याला बॅगेमागे जावंच लागलं. जाताना त्याने सहा महिन्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, इतक्या जोरात की मी खोकलो.

मेस चौतीस, केटरिंग तेहतीस. माझ्या रांगेतल्यांनी मला दोन दिवस जे ऐकवलंय ते आईसमोर वाचण्यासारखं नाही, म्हणून लिहीत नाही.

मग मेसची मीटिंग झाली. मी उभा राहून सांगितलं की मी अजूनही मेसच्या विरुद्ध आहे आणि मार्चमध्ये रांगा लागतील तेव्हा कूलरपाशीच असेन. पण जोवर ती चालू आहे तोवर बाजाराला पाच जणांची पाळी, पहिली पाळी माझी, भांड्यांची पाळी शुक्रवारी कुणालाच नाही, आणि बर्फाच्या पेटीला दादाने हात लावला तर मी केटरिंगवाल्याला स्वतः घेऊन येईन. सगळ्यात जास्त टाळ्या हरलेल्या रांगेने वाजवल्या.

काल पहिला शुक्रवार होता. मी देऱ्याला जाऊन सुरमई आणली. दगडूने तिचे कल्ले उघडून पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शिळा आहे. पुढचं दादा लिहितो.

ताई, मी धनंजय. सुरमई खरंच शिळी होती. याला विकणाऱ्याने गुंडाळलं. दगडूने चिंच जास्त घालून वेळ मारून नेली. लतीफभाईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले, ते चवीने की दुःखाने हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सकाळी आठपर्यंत अंथरुणात होतो. चारला जाग आलीच, पण पिकअप सुरू झालेली ऐकली आणि कूस बदलून पडलो. मेस चालू असताना शुक्रवारची सकाळ कशी असते हे नऊ वर्षांत मला ठाऊक नव्हतं. बरी असते.

दुपारी सुदेश आणि मी एका ताटात जेवलो. त्याने तीनदा भात घेतला. आईला एवढं सांग, म्हणजे तिला बाकीचं पत्र वाचायची गरज नाही.

याच्या लोकांनी मला विचारलं की आता भाऊभाऊ एक झालात, मग मार्चमध्ये दोघं एकाच बाजूला उभे राहणार ना. सुदेशने नाही म्हणून सांगितलं आणि मीही नाही म्हणालो. रात्री त्याला मी त्याचं कारण सांगितलं, ते तुलाही सांगतो. त्या दिवशी कूलरपाशी मी त्याच्या मागे उभा होतो तर मला नुसती त्याची पाठ दिसत होती. किचनच्या दाराशी गेलो तेव्हा कुठे त्याचं तोंड दिसलं. डोळे पांढरे स्वच्छ आहेत त्याचे, ताई.

आमच्यावरची माया दोघांत अर्धी अर्धी वाटू नकोस, दोघांनाही पुरीच्या पुरी दे.

तुझे,
धनंजय आणि सुदेश